धारवाडचे मूग अंतराळात गेले, आम्ही इथं डबी फिरवली

खानापूरचा_मास्तर · रविवार, रात्री ९:१२

मंडळी नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेवर आहे, सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. एक प्रश्न घेऊन आलोय. तो माझा नाही, सातवीतल्या एका मुलीचा आहे.

आधी थोडं मागचं सांगतो. २५ जून २०२५ ला शुभांशू शुक्ला फ्लोरिडाहून निघाले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचले आणि १५ जुलैला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरले. १९८४ साली राकेश शर्मा जाऊन आले, त्याला ४१ वर्षं झाली होती. स्थानकात पाऊल ठेवणारे शुक्ला हे पहिलेच भारतीय. हे सगळ्यांनी वाचलंच असेल. पण त्यांनी तिथं जे सात भारतीय प्रयोग केले, त्यातला एक आपल्या शेजारचा होता, हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि धारवाडची आयआयटी, दोघांनी मिळून मूग आणि मेथी वर पाठवली होती. वर पाणी घालायचं, मोड आणायचे, फोटो काढायचे, मग ते मोड थंडगार गोठवून खाली आणायचे आणि तपासायचे.

बेळगावहून धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आत. आमच्या पोरांचे मामा-मावश्या धारवाडला आहेत, हुबळीला आहेत. त्यामुळं "धारवाडची मेथी" म्हटल्यावर वर्गात जो गलका झाला, तो चांद्रयानाच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

मग आम्ही नेहमीचा प्रयोग केला. काचेच्या बरणीला आतून ओला टीपकागद लावला, कागद आणि काच यांच्यामध्ये भिजवलेले मूग ठेवले. तिसऱ्या दिवशी इंचभर मुळं सरळ खाली आली. मग बरणी आडवी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुळं काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडं, आणि कोंब उलट दिशेनं वर. मुलं बरणीभोवती दाटीनं उभी होती. त्यात त्या मुलीनं विचारलं, "सर, वर शुक्लांच्या डबीत खालची बाजू कुठली?"

मला उत्तर थोडंफार माहीत आहे, पण सांगण्यापेक्षा दाखवायचं आहे. खेड्यातल्या शाळेत हे दाखवता येईल का? दुसरं, ते स्थानक आपल्या भागातून कधी आणि कसं बघायचं? शुक्ला वर होते तेव्हा आपल्याकडं आभाळ उघडलंच नाही, वीस दिवस नुसता पाऊस. आता थंडी आहे, आकाश स्वच्छ आहे.


मेथीची_जुडी · रविवार, रात्री १०:०५

सर, मी धारवाडलाच कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते. गाव बैलहोंगल. त्या प्रयोगाच्या गटात मी नाही, हे आधीच सांगते, पण बियाणं हाच माझा विषय आहे.

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. मुळाला खालची बाजू कळते ती टोकाच्या टोपीत. टोपीतल्या काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. ते पेशीत तळाला जाऊन बसतात, डब्यात वाळू बसावी तसे. तुम्ही बरणी आडवी केलीत तेव्हा हे कण काही मिनिटांत घरंगळून नव्या तळाला गेले. कण ज्या बाजूला बसतात त्या बाजूला ऑक्झिन नावाचं संप्रेरक जास्त जातं. मुळात ऑक्झिन जास्त झालं की त्या बाजूची वाढ मंदावते. वरची बाजू वाढत राहते, खालची मागं पडते, आणि मूळ खाली वळतं. कोंबात तेच ऑक्झिन वाढ जोरात करतं, म्हणून तो उलटा वर वळतो. पाठ्यपुस्तकात याला गुरुत्वानुवर्तन म्हणतात.

वर स्थानकात ते कण कुठंच बसत नाहीत, पेशीत तरंगत राहतात. मुळाला खालची बाजू नाही. मग ते ओल आणि उजेड यांच्या अंदाजानं, नाहीतर बी जसं पडलं असेल त्या दिशेनं जातं.

पण एवढंच नाही, पाणीसुद्धा वेगळं वागतं. इथं पाणी निथळून तळाला जातं. तिथं ते बियाभोवती कवचासारखं चिकटून राहतं, आणि मेथीला तर भिजल्यावर स्वतःचाच चिकट थर असतो. शिवाय इथं गरम हवा वर जाते, गार हवा खाली येते, म्हणून बियाला सतत ताजी हवा मिळते. तिथं पंखा नसेल तर बीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याभोवतीच साचतो. मोड आलेल्या बियाला श्वासाची फार गरज असते. म्हणून अंतराळात मोड आणणं वाटतं तेवढं सोपं नाही.

मूग-मेथीच का, तर दोन-चार दिवसांत मोड येतात, माती लागत नाही, आणि कच्चे खाता येतात. लांबच्या प्रवासात ताजी भाजी म्हणून याहून सोयीचं काय असणार!

त्याआधी इस्रोनं चवळीचा प्रयोग केला होता, तोही मुलांना सांगा. ३० डिसेंबर २०२४ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह गेले, त्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यात एका बंद डब्यात चवळीच्या आठ बिया होत्या. चार दिवसांत मोड आले, नंतर पानंही फुटली. तिथं माणूस नव्हता, सगळं यंत्रानं.


निपाणीकर · सोमवार, सकाळी ७:४०

मास्तर, छान विषय. एक शंका आहे. वर गुरुत्वाकर्षण नसतंच ना? मग पेशीतले कण तरंगणार यात नवल काय?


चोर्ला_वाट · सोमवार, सकाळी ८:३०

निपाणीकर, हा गैरसमज फार जणांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. एवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. ओढ आहेच. पण स्थानक, माणसं, मूग, पाणी, सगळं एकत्र सारख्याच वेगानं पडत असतं. पुढं जाण्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त असल्यामुळं पडतापडता पृथ्वीची गोलाई खालून सरकत जाते, आणि पडणं कधी संपतच नाही.

मास्तर, हे शाळेत दाखवता येतं. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाजवळ दाभणानं भोक पाडा, पाणी भरा, बूच काढून टाका. हातात धरलीत तर चिळकांडी उडते. आता गच्चीवरून खाली सोडा. पडत असताना चिळकांडी थांबते! बाटली आणि पाणी बरोबरच पडत असल्यामुळं पाण्याला बाहेर पडायला जोर राहत नाही. मोबाईलवर सावकाश गतीचा व्हिडिओ काढा, मुलांना स्पष्ट दिसेल. ती एक सेकंदसुद्धा न टिकणारी अवस्था शुक्लांनी वीस दिवस अनुभवली.

स्थानक बघण्याबद्दल रात्री लिहितो, आता कामावर निघतोय.


उद्यमबाग · सोमवार, दुपारी १:१५

मास्तर, तुमचं वाचलो आणि जेवणाच्या सुट्टीत डोक्यात हेच फिरूलालं. मी लेथवर असतो, शिकलेला फार नाही. पण मेथीताईंनी लिहिलं त्यावरनं एक सुचलं. कण तळाला बसतात म्हणून मूळ वळतं. मग बीच सावकाश फिरवत ठेवलं तर? कणाला तळ कुठं सापडणार? बसायच्या आधी तळ वर जाणार.

घरात बिघडलेला मायक्रोवेव्ह होता. त्याच्या फिरत्या ताटाखाली एक लहान चपटी मोटर असते, मिनिटाला पाच-सहा फेरे. ती काढलो. लाकडी फळीला आडवी बसवलो, म्हणजे दांडा जमिनीला समांतर. दांड्यावर नायलॉनची लहान चकती कातून बसवलो, आणि चकतीवर कुंद्याच्या मिठाईची गोल पारदर्शक डबी. डबीत ओला कापूस, त्यावर मूग, वरून फडक्याची पट्टी. ताटासारखं नाही, घराच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं.

चालतंय काय, मेथीताई?

एक सांगतो, ही मोटर घरच्या मेन लाईनवर चालते. पाणी आणि पोरं दोन्ही जवळ असणार. म्हणून सगळी जोडणी मी प्लास्टिकच्या बंद डब्यात घेतलोय, वायर डबल इन्सुलेशनची, आणि पाणी घालायचं असेल तर आधी पिन काढायची.


मेथीची_जुडी · सोमवार, दुपारी २:५०

दादा, तुम्ही न वाचता क्लिनोस्टॅट बनवलात! प्रयोगशाळेत याच तत्त्वाचं यंत्र असतं, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात बनवलं होतं. तिथं फेरे बहुधा मिनिटाला एक-दोन ठेवतात. तुमचे पाच-सहा आहेत, त्यानं बी बाहेर फेकलं जाईल का, हे मी काढून बघितलं. डबीच्या मध्यापासून चार सेंटिमीटरवर बी असेल तर बाहेर ढकलणारा जोर गुरुत्वाच्या सातशेव्या हिश्श्याएवढाच येतो. काही हरकत नाही.

दोन गोष्टी करा. तशीच दुसरी डबी भरून ती न फिरवता शेजारी उभी ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि दोन्ही डब्या अंधारात ठेवा, म्हणजे कोंब उजेडाकडं वळून गोंधळ करणार नाहीत.

मास्तर, मुलांना हेही सांगा की या यंत्रानं गुरुत्व जात नाही, त्याची दिशा फक्त पुसली जाते. पाणी आणि हवा इथल्यासारखीच वागणार. म्हणून बी खरंच वर पाठवावं लागतं.


चोर्ला_वाट · सोमवार, रात्री १०:२०

आता स्थानकाबद्दल. ते दर ९२-९३ मिनिटांनी पृथ्वीभोवती फेरी मारतं, पण आपल्याला दिसतं ते सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात किंवा उगवण्याआधी तेवढ्याच वेळात. आपल्याकडं अंधार झालेला असतो आणि ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतं, तेवढ्याच वेळात. बेळगावातून ते एकतर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडं जाताना दिसतं, नाहीतर वायव्येकडून आग्नेयेकडं. विमानासारखं लुकलुकत नाही, आवाज नाही, एकसारखा ठळक पांढरा ठिपका. डोक्यावरून गेलं तर गुरूपेक्षाही तेजस्वी. चार-सहा मिनिटं. कधीकधी मध्यावर पोचतापोचता अचानक मंद होऊन विझतं. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं म्हणून. मुलांना तो क्षण जरूर दाखवा, सावली डोळ्यांनी बघायला मिळते. वेळा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर गाव टाकलं की मिळतात.

जागेबद्दल माझा अनुभव. शहरात गच्चीवरून स्थानक दिसतं, त्याला अंधाराची गरज नाही. तारे बघायचे तर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं चला. हिवाळ्यात तिथं आकाशगंगा मृगाच्या शेजारून जाताना दिसते. भीमगडच्या बाजूला तर फारच अंधार, पण ते अभयारण्य आहे, रात्री आत जायचं नाही. राजहंसगडावरून दक्षिण क्षितिज छान मोकळं आहे, पण आता शहराचा उजेड उत्तरेकडून वर येतो.

आणि एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून लिहितो. आपण सोळाव्या अक्षांशाच्या जरा खाली आहोत. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश. उत्तरेला क्षितिजापासून दीड मूठ वर ध्रुव. दक्षिणेला आत्ता रात्री दहा-अकराला दोन मुठी वर अगस्त्य तारा. दिल्लीकरांना अगस्त्य एक मूठभरसुद्धा वर येत नाही. एप्रिल-मेच्या रात्री त्रिशंकू आणि त्याच्या डावीकडं मित्र-मित्रक हे दोन ठळक तारे (त्यातला मित्र हा आपला चुलत शेजारी), दक्षिणेकडच्या डोंगराच्या माथ्यावर उभे असतात. हे सगळं आपल्या परड्यातून दिसतं.


शहापूरची_आक्का · मंगळवार, सकाळी ११:३०

तुमचं सगळ्यांचं वाचून राहवलं नाही. माझं वय आता साठीच्या पुढं. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण मी बघितलंय. हे आपल्या भागाचंच होतं. सावलीचा पट्टा अंकोल्याकडून वर चढून हुबळीवरून रायचूरकडं गेला. बेळगाव त्या पट्ट्याच्या थोडं बाहेर राहिलं, इथं सूर्याची बारीक कोर उरली होती.

आमच्या घरात माग होते. बाबा फार शिकलेले नव्हते, पण वर्तमानपत्र रोज अक्षर न अक्षर वाचायचे. त्यांनी त्या दिवशी माग बंद ठेवला आणि मला आणि भावाला घेऊन लोंढ्यावरून मीटर गेजच्या गाडीनं हुबळीला मावशीकडं गेले. आज्जीनं निघताना किती विनवलं होतं, की पोरीला नेऊ नका, डोळे जातील. गाडी निम्मी रिकामी. हुबळीत रस्ते सुनसान, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. लोकं घरात दारं लावून बसलेली.

मावशीच्या दारात लिंबाचं झाड होतं. बाबांनी आधी वर बघूच दिलं नाही, झाडाखालची जमीन दाखवली. पानांच्या फटीतून येणारे उन्हाचे गोल कवडसे सगळे कोरीसारखे झाले होते. अंगणभर शेकडो कोरी, एकाच बाजूला तोंड केलेल्या, वाऱ्यानं हलणाऱ्या. माझी मावसबहीण त्यांवर पाय न ठेवता उड्या मारत पलीकडं गेली. मग वेल्डिंगवाल्याकडनं आणलेली काळी काच एकेकाच्या डोळ्यांपुढं. (आता मुलांना ग्रहणाचे खास चष्मेच द्या, नाहीतर चौदा नंबरची वेल्डिंगची काच. साध्या काजळलेल्या काचेनं, एक्सरेच्या फिल्मनं अजिबात नाही.)

साडेतीन वाजून गेल्यावर उजेड पिवळा नाही, करडा झाला. चिमण्या लिंबात शिरल्या. आणि एकदम सूर्याच्या जागी काळं वर्तुळ, भोवती सगळीकडून सारखी पांढरी झालर. तेवढी दोन-अडीच मिनिटं काच काढून बघायचं होतं, बाबांनी "आता" म्हटलं. शेजारच्या घरातलं एक दार किलकिलं झालेलं मला आठवतं, आतून एक म्हातारी बघत होती. तिनं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं आणि हात जोडले.

त्या झालरीला कोरोना म्हणतात हे पुढं कळलं. परवा नातवानं सूर्याकडं बघणाऱ्या आदित्य-एल१ या इस्रोच्या यानाबद्दल सांगितलं. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावलं. त्यातल्या एका दुर्बिणीत चकती ठेवून सूर्य कायमचा झाकलाय म्हणे, म्हणजे झालर रोज बघता येते. बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेनं ती दुर्बीण केली. पुण्याच्या आयुकानं दुसरी केली. बाबांना हे सांगता आलं असतं तर ते माग सोडून पुन्हा एकदा ऐकत बसले असते.


निपाणीकर · मंगळवार, दुपारी ४:००

आक्का, अंगावर काटा आला.

माझं सरळ म्हणणं मांडतो, कुणाला लागू नये. माझी ऊसशेती वेदगंगेच्या काठाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, माझा ऊस त्याहून जास्त दिवस. तेव्हा चांद्रयान-२ चंद्राच्या वाटेवर होतं. मला अभिमान होता, पण रात्री झोप लागत नव्हती ती नदीमुळं. चंद्रावरचं यान मला काय देतं, हा प्रश्न माझ्या मनात आहेच.


चोर्ला_वाट · मंगळवार, रात्री ९:४५

निपाणीकर, यात लागण्यासारखं काही नाही. उत्तर चंद्राकडून नाही, पृथ्वीकडं बघणाऱ्या उपग्रहाकडून देतो. पुराच्या दिवसांत आपल्याकडं ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा खाली फक्त पांढरं दिसतं. पूर असतो तेव्हाच तो आंधळा. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. त्यात नासाचं एल बँडचं आणि इस्रोचं एस बँडचं, अशी दोन रडार आहेत. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात, रात्रीसुद्धा चालतात. बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री वर गेल्यावर उघडली. दर बारा दिवसांत तीच जमीन पुन्हा दिसते. पाणी कुठं पसरलंय, जमिनीत ओल किती, डोंगर किती सेंटिमीटर सरकला, हे त्यातून काढता येतं, आणि माहिती सगळ्यांना खुली. उद्या पूर थांबेल असं मी म्हणत नाही. पण तुमचं शेत पाण्याखाली होतं याचा पुरावा त्यात मिळू शकेल, पंचनाम्याला कुणी आलं किंवा नाही आलं तरी.


निपाणीकर · मंगळवार, रात्री १०:१०

हे पटलं. पुरावा हा शब्द माझ्यासाठी फार मोठा आहे. आभारी.


खानापूरचा_मास्तर · शनिवार, दुपारी १२:४०

मंडळी, मोठा निरोप आहे, सावकाश वाचा.

उद्यमबागदादा बुधवारी स्वतः यंत्र घेऊन शाळेत आले. मुलांनी दोन डब्या भरल्या, प्रत्येकीत बारा मूग. एक फिरती, एक उभी. दोन्ही कपाटात, अंधारात. शुक्रवारी सकाळी उघडल्या.

उभ्या डबीतली बाराच्या बारा मुळं खाली. फिरत्या डबीत एक वर, दोन आडवी, एक कोंबाच्याच बाजूला, एकानं तर बियाभोवती वळसा घेतलेला. मुलं गप्पच झाली. ती मुलगी म्हणाली, "ह्यांना खाली कुठं ते कळलंच नाही."

पण खरी गंमत पुढं आहे. फिरत्या डबीतल्या बारापैकी नऊ मुळांना साधारण मध्यावर एक वाकण होतं. सगळी वाकणं एकाच बाजूला, आणि टोकापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. त्याआधी मुळं वाटेल तशी, त्यानंतरही सरळ आपापल्या वाटेनं. मधेच एकदा सगळ्यांनी मिळून वळण घेतलेलं. मला उलगडेना. मुलांनी तर्क लढवले, कुणी डबी हलवली असेल, वगैरे. मग शिपाईमामा म्हणाले, "मास्तर, काल रात्री करंट गेलता की, दोन ते पाच."

तीन तास मोटर थांबली. डबी जशी थांबली तशी राहिली. मुळांना तीन तास खालची बाजू मिळाली आणि सगळी तिकडं वळली. करंट आला, चकती फिरू लागली, आणि पुन्हा दिशा गेली. रात्री दोन ते पाच करंट नव्हता हे मुगानं लिहून ठेवलं होतं. मुलांनी पट्टी लावून वाकणापासून टोकापर्यंतचं अंतर मोजलं, त्यावरून पाच वाजल्यानंतर मूळ किती वाढलं ते काढलं. मी इतकी वर्षं शिकवतोय, असा तास मला मिळालेला नाही.

शेजारी त्याच आवारात कन्नड शाळा आहे. तिथल्या टीचर मधल्या सुट्टीत बघायला आल्या, मग त्यांचा सगळा वर्ग आला. पोरं मैदानात एकत्रच खेळतात, डबीसमोरही एकत्रच उभी राहिली. एकानं कन्नडमध्ये सांगायचं, दुसऱ्यानं मराठीत.


मेथीची_जुडी · शनिवार, दुपारी १:२०

सर, मला तो फोटो हवाय. पट्टी शेजारी ठेवून काढलेला. आमच्या विभागात दाखवणार आहे. सगळी वाकणं एकाच बाजूला आली, हाच पुरावा की कारण बाहेरचं होतं, बियातलं नव्हतं. मुलांना विचारा, उरलेली तीन मुळं का वळली नसतील? उत्तर लगेच सांगू नका.


उद्यमबाग · शनिवार, रात्री ८:३०

मास्तर, मी लहान यूपीएस देतो, कंप्युटरची जुनी आहे, बॅटरी नवी घातलो की मोटर रात्रभर चालेल. पण एक डबी यूपीएसशिवाय पण ठेवा. ते वाकण पोरांनी मुद्दाम करून बघू देत. मोटर बंद करायची वेळ एकानं कागदावर लिहून लपवायची, दुसऱ्यांनी मुळं बघून ओळखायची.

आमच्या शेडमध्ये कास्टिंगच्या आत भेग आहे की नाही ते असंच बाहेरच्या खुणेवरनं ओळखतात. मला हे काम फार जवळचं वाटलं.


शहापूरची_आक्का · रविवार, सकाळी ९:००

मास्तर, शब्दांबद्दल एक विनंती. आमच्या नातवाला 'मायक्रोग्रॅव्हिटी' पाठ आहे, पण अर्थ विचारला तर गडबडतो. तुम्ही वर्गात काय म्हणता? आमच्याकडं शुक्राला चांदणी म्हणायचं, शेजारच्या कन्नड घरात 'बेळ्ळी चुक्की'. दोन्ही शब्द ऐकले की पोराला पहाटेचं आभाळ डोळ्यांपुढं येतं. नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. जन्म कोल्हापूरचा, म्हणजे आपल्या दारातलेच. २० मे २०२५ ला ते गेले त्या दिवशी मी त्यांच्या गोष्टी पुन्हा काढून वाचल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नाव बदलून कथा पाठवली होती, नारायण विनायक जगताप या नावानं. नावाकडं बघून नव्हे, कथा बघून बक्षीस मिळावं म्हणून. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या भाषेत लिहितो, तेव्हा शब्द आपोआप घडतात.


खानापूरचा_मास्तर · रविवार, रात्री ८:५०

आक्का, पुस्तकात 'सूक्ष्मगुरुत्व' आहे. पण वर्गात मुलांनीच शब्द काढला, 'पडतेपण'. बाटलीचा प्रयोग केल्यावर. स्थानकातली माणसं पडतेपणात राहतात. मी तोच वापरतो आता, आणि फळ्यावर शेजारी पुस्तकातला शब्द लिहितो, परीक्षेला लागतो म्हणून.

आज संध्याकाळी मैदानावर साठेक माणसं होती. दोन्ही शाळांची मुलं, आया, काही आजोबा खुर्च्या घेऊन. सात वाजून गेल्यावर नैर्ऋत्येला, आंब्याच्या झाडावरून तो ठिपका निघाला. आधी कुणी ओळखला नाही, मग एकदम सगळ्यांची बोटं वर. मृगाच्या जवळून गेला, डोक्यावर आला, आणि चोर्लादादांनी लिहिलं होतं तसाच, ईशान्येकडं उतरताना विझला. आमच्या शिपाईमामांनी टोपी काढली होती.

यूपीएस पोचली. नवीन डबी आज भरली, या वेळी मेथी. कन्नड शाळेतही एक फिरती डबी ठेवलीय, मोटर बंद करायची वेळ तिकडच्या टीचरनी लिहून माझ्याकडं पाकिटात दिलीय. बुधवारी उघडतो आणि फोटो टाकतो.